थेट प्रक्षेपणातील ट्रिगरच्या जोडण्या कागदावर यायला हव्यात

माननीय संपादक यांस,
स. न. वि. वि.

गणेशोत्सव जवळ येऊ लागला की पुण्यातील स्थानिक केबल वाहिन्या, मंडळांची स्वतःची यूट्यूब प्रक्षेपणे आणि चौकाचौकांतील एलईडी पडदे यांच्या तयारीला वेग येतो. या दिवसांत प्रेक्षकांच्या काही तक्रारी हमखास कानावर येतात. आरती रंगात आलेली असताना मध्येच जाहिरात सुरू होते, वक्त्याचे वाक्य अर्धवट तुटून ब्रेकची पाटी येते, जाहिरात संपल्यावर वाहिनीचा लोगो परत उमटतच नाही. अशा वेळी सगळा दोष बटणावर बसलेल्या मुलाच्या माथी मारला जातो आणि पुढच्या कार्यक्रमाला दुसरा मुलगा आणला जातो. उमेदीची वर्षे प्रसारण यंत्रणेच्या देखभालीत घालवलेला तंत्रज्ञ म्हणून मला सांगावेसे वाटते की, यांपैकी बऱ्याच घटनांचे मूळ दोन यंत्रांना जोडणाऱ्या ट्रिगरच्या तारांत आणि त्या तारांचा अर्थ ठरवणाऱ्या सेटिंगमध्ये असते. आणि ते सेटिंग कोणी, कसे व कशासाठी केले याची नोंद कुठेच नसल्यामुळे तोच दोष दरवर्षी नव्याने उद्भवतो.

ट्रिगर ही मुळात अगदी साधी गोष्ट आहे. दारावरच्या घंटीचे बटण दाबले की दोन तारा एकमेकींना भिडतात आणि आत घंटा वाजते, तसेच एका यंत्राने दोन तारा क्षणभर जोडल्या की दुसरे यंत्र ठरलेले काम करते. व्हिजन मिक्सरने, म्हणजे अनेक कॅमेऱ्यांतून एक चित्र निवडणाऱ्या यंत्राने, त्या कॅमेऱ्याचा लाल टॅली दिवा लावणे, पॅनेलवरच्या बटणाने प्लेआऊट सर्व्हरवरची (क्लिपा साठवून चालवणाऱ्या संगणकावरची) पुढची क्लिप सुरू करणे, मुख्य सिग्नल गेल्यावर राखीव सिग्नलवर जाणे, लोगो चढवणे आणि उतरवणे ही सगळी कामे अशा जोडणीवर चालतात. आत येणाऱ्या इशाऱ्याला आमच्या क्षेत्रात जीपीआय आणि बाहेर जाणाऱ्याला जीपीओ म्हणतात. यंत्राच्या मागे बहुधा ९, १५ किंवा २५ पिनांचा डी आकाराचा कनेक्टर किंवा स्क्रूने तारा आवळण्याची हिरवी पट्टी असते, आणि हे सगळे तिथेच सामावलेले असते. कॅमेऱ्यांची, लेन्सची आणि पडद्यांची चर्चा तासन्‌तास होते. या कनेक्टरकडे मात्र प्रक्षेपण सुरू होण्याच्या आदल्या रात्री, सगळे थकल्यावर लक्ष जाते.

जोडणी साधी असली तरी तिचा अर्थ यंत्रागणिक बदलतो. काही यंत्रे तार जमिनीला, म्हणजे ग्राउंडला, टेकली की इशारा मिळाला असे समजतात. काहींना ५ व्होल्टचा दाब यावा लागतो. काही यंत्रे इशारा सुरू होण्याच्या क्षणी काम करतात, काही तो संपण्याच्या क्षणी, तर काही इशारा टिकून असेल तोवरच ती स्थिती धरून ठेवतात. टॅली दिव्याला हा शेवटचा प्रकार लागतो, कारण कॅमेरा ऑन एअर आहे तोवरच दिवा लागला पाहिजे. क्लिप सुरू करण्यासाठी मात्र एक छोटा पल्स, म्हणजे क्षणभराचा इशारा, पुरेसा असतो. क्लिपसाठी टिकणारा इशारा लावला, तर काही सर्व्हर ती क्लिप संपताच तार अजून जोडलेलीच आहे हे पाहून तीच क्लिप पुन्हा चालवतात, आणि मग सुरात सूर मिळवून टाळ्या वाजवणाऱ्या प्रेक्षकांना तीच जाहिरात दुसऱ्यांदा बघावी लागते. शिवाय आजच्या अनेक यंत्रांत एकच पिन मेनूमधून हवी तेव्हा इनपुट आणि हवी तेव्हा आउटपुट करता येते. ही सोय उपयोगाची आहे, पण दोन्ही टोकांना आउटपुटच निवडले गेले तर दोन यंत्रे एकाच तारेवर एकमेकांविरुद्ध दाब देत राहतात आणि त्यात पोर्ट जळू शकतो. म्हणून तार लावण्यापूर्वी दोन्ही बाजूंचे मेनू उघडून पाहणे हा नियमच असायला हवा.

एक प्रसंग थोडा तपशिलाने सांगतो, कारण असा दोष पुस्तकात वाचून सहसा लक्षात राहत नाही. उपनगरातील एका कीर्तन महोत्सवाच्या प्रक्षेपणात पॅनेलवरचे बटण एकदा दाबले की सर्व्हर एक क्लिप सोडून तिच्या पुढच्या क्लिपवर जात असे. प्रायोजकाची जाहिरात क्षणभर चमकून गायब व्हायची आणि तिच्या जागी भलतेच काही दिसू लागायचे. बटणावरची मुलगी रडकुंडीला आली होती. आपण दोनदा दाबत नाही हे ती परोपरीने सांगत होती आणि तिचे म्हणणे खरे होते. दाबले जाणारे बटण हा धातूच्या दोन पट्ट्यांचा खेळ असतो. त्या पट्ट्या एकमेकींवर आदळल्यावर स्थिर होण्याआधी काही मिलिसेकंद थरथरतात, म्हणजे जोडतात, सुटतात आणि पुन्हा जोडतात. माणसाच्या लेखी ते एकच दाबणे असते, पण वेगवान इलेक्ट्रॉनिक्सला त्यात दोन-तीन इशारे दिसू शकतात. त्या सर्व्हरच्या मेनूत ही थरथर गाळण्याचे सेटिंग होते; त्याला डिबाउन्स म्हणतात आणि ते शून्यावर ठेवलेले होते. ते ३० मिलिसेकंदांवर नेल्यावर पुढच्या सगळ्या क्लिपा बिनचूक सुटल्या. त्या मुलीला त्या दिवशी विनाकारण बोलणी खावी लागली, याचे मला आजही वाईट वाटते.

याच्या नेमका उलट दोष इशारा फार आखूड असल्यामुळे होतो. आपल्याकडे चित्र सेकंदाला २५ फ्रेम या गतीने चालते, म्हणजे एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची असते. काही यंत्रे आपल्या इनपुट पिनांकडे प्रत्येक फ्रेममध्ये एकदाच पाहतात. समोरच्या यंत्राने १० मिलिसेकंदांचा पल्स दिला आणि तो दोन पाहण्यांच्या मध्ये येऊन गेला, तर त्या यंत्राच्या दृष्टीने काहीच घडलेले नसते. हा दोष विशेष त्रासदायक असतो, कारण तो कधी दिसतो आणि कधी दिसत नाही. तालमीत पाच वेळा क्लिप नीट सुटते आणि प्रत्यक्ष प्रक्षेपणात सहाव्या वेळी सुटत नाही. अशा ठिकाणी पल्सची लांबी निदान दोन-तीन फ्रेम, म्हणजे १०० मिलिसेकंदांच्या आसपास ठेवावी. त्यामुळे जो किंचित उशीर होतो तो प्रेक्षकाला जाणवत नाही.

विजेची बाजू तर याहून दुर्लक्षित आहे. मंडपात रोषणाई आणि ध्वनियंत्रणा एका जनरेटरवर, कॅमेरे आणि मिक्सर दुसऱ्यावर आणि मंडळाच्या कार्यालयातील संगणक महावितरणच्या वीजजोडावर, अशी मांडणी नेहमीची आहे. या तिघांचे अर्थिंग एकाच पातळीवर असेल असे गृहीत धरता येत नाही. दोन यंत्रांच्या ग्राउंडमध्ये व्होल्ट-दोन व्होल्टचा फरक पडला तरी ट्रिगरची भाषा बिघडते, कारण पाच व्होल्टच्या नेहमीच्या टीटीएल पद्धतीत ०.८ व्होल्टच्या खाली असेल ते ‘बंद’ आणि २ व्होल्टच्या वर असेल ते ‘चालू’ मानले जाते. मधल्या पट्ट्यात यंत्र काय समजेल याचा भरवसा नसतो. यावरचा उपाय जुना आणि स्वस्त आहे. दोन यंत्रांच्या मध्ये रिलेचा ड्राय कॉन्टॅक्ट घ्यावा किंवा ऑप्टोकपलर बसवावा. रिले म्हणजे कॉइलमधून वीज गेली की चुंबकाने ओढला जाणारा स्विच, आणि ड्राय कॉन्टॅक्ट म्हणजे त्याचा स्वतःचा दाब नसलेला, नुसता जोडणारा-तोडणारा संपर्क. ऑप्टोकपलरमध्ये एका बाजूचा छोटा एलईडी पेटतो आणि दुसऱ्या बाजूला प्रकाश टिपणारा घटक त्याला प्रतिसाद देतो; दोन यंत्रांत तारेचा संबंधच उरत नाही आणि एकीकडचा गोंधळ दुसरीकडे पोहोचत नाही.

रिले वापरताना अंतराचा हिशेब करावा लागतो. समजा, मिक्सरपासून १०० मीटरवर मंचाजवळ टॅली दिव्याचा रिले ठेवला आहे आणि त्याला नेटवर्कच्या केबलमधील एक बारीक जोडी वापरली आहे. जाऊन-येऊन २०० मीटर तारेचा रोध सुमारे १७ ओहम होतो. पाच व्होल्टच्या साध्या छोट्या रिलेची कॉइल सुमारे ७० ओहमची असते. म्हणजे कॉइलपर्यंत पाचऐवजी चारच व्होल्ट पोहोचतात, आणि रिलेला ओढून घ्यायला पावणेचारच्या आसपास व्होल्ट लागतात. सकाळी चाचणीत रिले टक्‌कन वाजतो. दुपारी पत्र्याच्या पेटीत कॉइल तापून तिचा रोध वाढला की तो ओढतच नाही, आणि मग केबल तुटली असे समजून सगळे जण गर्दीतून केबल तपासत सुटतात. रिले १२ किंवा २४ व्होल्टचा घेतला आणि त्याची वीज मंचाजवळूनच दिली, तर हा प्रश्न राहत नाही. कॉइलवर उलटा डायोड लावायला विसरू नये हेही या निमित्ताने सांगतो. तो नसेल तर रिले सुटताना कॉइलमधून उसळणारा दाब आउटपुट पोर्टचा ट्रान्झिस्टर निकामी करू शकतो. दोन-तीन रुपयांच्या त्या सुट्या भागाअभावी महागडे कार्ड दुरुस्तीला जाणे खरोखर टाळता येण्यासारखे आहे.

मला सर्वांत गंभीर वाटणारी बाब याहून वेगळी आहे. वीज जाऊन परत आल्यावर, किंवा यंत्र बंद करून सुरू केल्यावर, त्याच्या ट्रिगरच्या पिना पहिल्या काही क्षणांत कोणत्या स्थितीत असतात हे फार थोडे लोक तपासतात. अनेक यंत्रे सुरू होताना सगळे आउटपुट क्षणभर उलटे करतात आणि नंतर ठरलेल्या स्थितीत आणतात. तो क्षणभराचा बदल पलीकडच्या यंत्राला खराखुरा इशारा वाटतो. मिरवणुकीत जनरेटर बदलताना मिक्सर एकदा बंद होऊन सुरू होतो आणि तिकडे केबल वाहिनीच्या एमसीआरमध्ये, म्हणजे मुख्य नियंत्रण कक्षात, ब्रेक सुटतो, हे असेच घडते. मंडईतील टिळक पुतळ्यापासून लक्ष्मी रस्त्याने अलका टॉकीज चौकापर्यंत चालणारी विसर्जन मिरवणूक चोवीस तासांहून अधिक लांबते. एवढ्या वेळात वीज कधीच हलणार नाही असे धरून चालणे योग्य नव्हे. त्यामुळे प्रक्षेपणापूर्वीच्या तालमीत प्रत्येक यंत्र मुद्दाम बंद करून, पुन्हा सुरू करून, बाकीची यंत्रे काय करतात हे पाहिले पाहिजे. मुख्य आणि राखीव सिग्नल बदलणाऱ्या स्विचबाबत तर हे अत्यावश्यक आहे. नियंत्रण करणारी यंत्रणाच वीज जाऊन मेली, तर स्विच कोणत्या बाजूला पडावा हा निर्णय आधी विचारपूर्वक घ्यायचा असतो, आणि त्यानुसार रिलेचा नॉर्मली ओपन (वीज नसताना सुटलेला) किंवा नॉर्मली क्लोज्ड (वीज नसताना जोडलेला) संपर्क निवडायचा असतो. प्रत्यक्षात तार ज्या संपर्काला हाताशी लागेल त्याला जोडली जाते.

हे सगळे ज्ञान आपल्या शहरात नाही असे मुळीच नाही. अडचण अशी आहे की ते एकेका माणसाच्या डोक्यात राहते. पुण्यातील थेट प्रक्षेपणाचे काम बहुतेक भाड्याच्या सामानावर चालते. कॅमेरे एकाचे, मिक्सर दुसऱ्याचा, ग्राफिक्सचा संगणक तिसऱ्याचा, आणि सगळे एका रात्रीत एकत्र येते. ज्याने तारा जोडल्या तो पहाटे घरी जातो. सकाळी दोष आला की उरलेल्यांना कोणती तार कशाची हेही ठाऊक नसते. तारांवर क्रमांकाच्या चिठ्ठ्या नसतात, आणि असल्या तरी मागच्या कार्यक्रमाच्या असतात. पुढचे यंत्र आले की मागच्या यंत्राचे सेटिंग त्यातही तसेच असेल असे मानले जाते, किंवा कारखान्यातून आलेल्या मूळ सेटिंगवर विसंबून काम रेटले जाते. ते मूळ सेटिंग यंत्र बनवणाऱ्याने स्वतःच्या सोयीने ठेवलेले असते. आपल्या जोडणीशी ते जुळेलच असे नाही.

म्हणून माझी मुख्य मागणी एका कागदाची आहे. प्रत्येक थेट प्रक्षेपणासाठी ट्रिगरचा एक तक्ता तयार झाला पाहिजे. कोणत्या यंत्राच्या कोणत्या पिनेवरून कोणत्या यंत्राच्या कोणत्या पिनेवर तार गेली, इशारा ग्राउंडला टेकल्यावर मानायचा की दाब आल्यावर, तो क्षणाचा की टिकणारा, पल्सची लांबी किती, डिबाउन्स किती, मध्ये रिले आहे की ऑप्टोकपलर, वीज आल्यावर पहिली स्थिती काय आणि ही चाचणी कोणी, कोणत्या तारखेला घेतली, एवढे त्यात असावे. पिनांचे क्रमांक लिहिताना कनेक्टर कोणत्या बाजूने पाहिला हेही लिहावे, कारण तारा डकवण्याच्या बाजूने पाहिल्यास क्रम आरशातल्यासारखा उलटा दिसतो आणि घाईत या एका कारणाने असंख्य जोडण्या चुकतात. हा तक्ता यंत्राच्या पेटीच्या झाकणाला आतून चिकटवावा. कुणाच्या भ्रमणध्वनीतील छायाचित्र ही नोंद होऊ शकत नाही, कारण तो माणूस जाताना ती नोंदही घेऊन जातो.

यावर तरुण मंडळी म्हणतात की आता सारे काही नेटवर्कवर आले, तारांचा जमाना संपला. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. मोठ्या वाहिन्यांत जाहिरातीचा इशारा आता एससीटीई ३५ या मानकाप्रमाणे चित्राच्या प्रवाहातच गुंफून पाठवला जातो, आणि टॅलीसारखे इशारे नेटवर्कवरून देण्याची मानकेही तयार आहेत. पण त्यामुळे प्रश्न मिटत नाहीत, त्यांचे फक्त ठिकाण बदलते. एससीटीई ३५ चा इशारा जाहिरातीच्या निदान चार सेकंद आधी जावा लागतो. तो देणारी यंत्रणा पुष्कळदा अजूनही जुन्या बटणाच्या ड्राय कॉन्टॅक्टवरच चालते, आणि तिथे तोच डिबाउन्स, तीच पल्सची लांबी आणि तेच उलटसुलट सेटिंग पुन्हा समोर येते. वर त्या इशाऱ्यात आगाऊ वेळ किती ठेवली हे कुठे लिहिलेले नसेल, तर प्रत्येक ब्रेक काही सेकंद लवकर किंवा उशिरा सुटतो आणि कारण सापडत नाही. केबल दूरचित्रवाणीच्या नियमांनुसार जाहिराती आणि वाहिनीची स्वतःची प्रसिद्धी मिळून तासाला १२ मिनिटांची मर्यादा आहे. चुकून दोनदा सुटलेला ब्रेक त्या हिशेबातही घोळ घालतो.

ट्रिगरचा विषय करमणुकीपुरता नाही, हेही मला नोंदवायचे आहे. जुलै २०२४ मध्ये सिंहगड रस्त्यावरील एकतानगरीत पाणी शिरले तेव्हा मुठेच्या पात्रात सोडल्या जाणाऱ्या पाण्याची सूचना लोकांपर्यंत वेळेत जाणे किती मोलाचे असते हे पुणेकरांनी पुन्हा अनुभवले. पानशेतची १२ जुलै १९६१ ची आठवण जुन्या पेठांतील घराघरांत आहे. स्थानिक केबल वाहिनीवर चालू कार्यक्रम थांबवून धोक्याची पट्टी आणि भोंगा सुरू करण्याची सोय करायची झाली, तर तीही शेवटी एका ट्रिगरवरच चालणार. वर्षभर हात न लागलेला, कुणी न तपासलेला आणि कशाला जोडला आहे हे कुणालाच न आठवणारा ट्रिगर ऐन पुराच्या रात्री चालेल अशी अपेक्षा धरता येणार नाही. अशी सोय ज्या वाहिन्यांनी केली असेल त्यांनी पावसाळ्याआधी एकदा आणि पावसाळ्यात दर महिन्याला तिची चाचणी घेऊन तारीख तक्त्यावर लिहावी.

यासाठी कायदा किंवा मोठा खर्च लागणार नाही. प्रक्षेपणाचे काम देणारी मंडळे, व्याख्यानमाला आणि संगीत महोत्सवांचे संयोजक यांनी कामाच्या करारात एवढीच अट घालावी की कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी ट्रिगरचा तक्ता आणि बंद-चालू चाचणीची नोंद त्यांच्या हाती दिली जाईल. भाड्याने सामान देणाऱ्यांनी प्रत्येक यंत्रासोबत त्याच्या पिनांची माहिती मराठीत छापून द्यावी, कारण रात्री दोन वाजता मंडपात तारा जोडणाऱ्या मुलाला जाडजूड इंग्रजी पुस्तिका चाळायला ना वेळ असतो ना उजेड. आणि बटणावर बसणाऱ्याला दोष देण्यापूर्वी तो तक्ता उघडून पाहण्याची सवय संयोजकांनी लावून घ्यावी.

शिक्षणसंस्थांकडे माझी स्वतंत्र विनंती आहे. विधी महाविद्यालय रस्त्यावरील चित्रपट आणि दूरचित्रवाणी संस्थेमुळे या क्षेत्रात पुण्याचे नाव देशभर आहे. विद्यापीठात माध्यमशिक्षण आहे, तंत्रनिकेतने आणि आयटीआय आहेत. कॅमेरा, संकलन, प्रकाश यांना अभ्यासक्रमात मानाची जागा मिळते, ती मिळायलाच हवी. त्याबरोबर एक प्रात्यक्षिक असेही ठेवावे की विद्यार्थ्याला एक बटण, एक रिले, एक ऑप्टोकपलर, मल्टिमीटर आणि एकमेकांशी न जुळणाऱ्या सेटिंगची दोन यंत्रे द्यावीत. त्याने दोष शोधावा, जोडणी दुरुस्त करावी, दोन्ही यंत्रे बंद-चालू करून दाखवावीत आणि तक्ता भरून परीक्षकाकडे द्यावा. त्या तक्त्यावरून दुसऱ्या विद्यार्थ्याने, पहिल्याला काहीही न विचारता, तीच जोडणी पुन्हा उभी करून दाखवली तरच पहिल्याला पूर्ण गुण मिळावेत. असे प्रात्यक्षिक घेण्यास कोणतीही संस्था तयार असेल, तर लागणारे बटण, रिले आणि दोषांचे नमुने तयार करून देण्याची आणि पहिल्या तुकडीबरोबर उभे राहून ते करून घेण्याची माझी तयारी आहे. आपल्या कार्यालयामार्फत संपर्क झाल्यास मी आनंदाने येईन.

आपला विश्वासू,
एक निवृत्त प्रसारण तंत्रज्ञ
कोथरूड, पुणे